तिसऱ्या दिवशी टाचेतले चार थेंब : बेळगावच्या आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब, बेळगाव,
आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांतल्या बाळंतपणाच्या दवाखान्यांतले सगळे डॉक्टर, नर्स अक्का आणि आशाताई,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी बेळगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई. शिवणकाम करते, बारावी झाली आणि लग्न झालं. मला दोन लेकरं. थोरली मुलगी सात वर्षांची आहे, धाकट्याला तीन पूर्ण होऊन चौथं लागलंय. गेल्या महिन्यात मुलीच्या शाळेला जन्माचा दाखला पाहिजे म्हणून पेटी उपसली तर तळाला तिच्या बाळंतपणाची फाईल मिळाली, आणि तिच्यात एक कागद होता जो मी सात वर्षांत कधी नीट वाचलाच नव्हता. अर्धा कन्नड, अर्धा इंग्रजी. खालच्या बाजूला एक ओळ छापलेली, न्यू बॉर्न स्क्रीनिंग, टीएसएच, म्हणजे नवजात बाळाचा थायरॉईड बघायची रक्ताची टेस्ट, पुढं दोन चौकोन, आणि कन्नडात ‘बेड’ म्हणजे नको लिहिलेल्या चौकोनात पेनानं टिक मारलेली. खाली माझ्या नवऱ्याची सही.

यात त्यांची चूक नाही हे मी आधीच सांगते. डिस्चार्जची गडबड होती, रिक्षा खाली उभी होती, काउंटरवरच्या माणसानं विचारलं की एक टेस्ट आहे ज्यादा पैसे पडतील, बाळ बरं आहे की नाही? बरं आहे म्हणाले हे, वजन तीन किलो, दूध ओढतंय. मग कशाला, असं तोच म्हणाला आणि पेन पुढं केला. टेस्ट कशाची, का करायची, नाही केली तर काय, यातलं एक अक्षर आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या दवाखान्याचं नाव मी घेणार नाही, कारण मला कुणाशी भांडायचं नाही, आणि नंतर मी गावातल्या, माहेरच्या, दुकानात ब्लाऊज शिवायला येणाऱ्या जितक्या बायकांना विचारलं तितक्या बहुतेकींना ही टेस्ट माहीतच नव्हती. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

मुलगी जन्मली तेव्हा खरंच बरी दिसत होती. फार शांत पोर. रात्री उठवून पाजावं लागायचं, पाजता पाजताच झोपायची. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, आमची नात गुणाची, आईला त्रास देत नाही. येईल ती बाई तेच म्हणायची. कावीळ तीन आठवडे झाले तरी उतरेना, कोवळ्या उन्हात धरा म्हणाले, धरलं. चार चार दिवस शी व्हायची नाही, गुटी उगाळून दिली. बेंबी फुगून बाहेर आलेली, त्यावर नाणं बांधायला सांगितलं कुणीतरी. रडायची तर आवाज घोगरा, जाडसर, जसा सर्दी झालेल्या माणसाचा. हातपाय गार, टाळू मोठी, जीभ थोडी बाहेर. हे सगळं एका जागी लिहिलं की आता डोळ्यांपुढं धडधडीत दिसतंय, पण तेव्हा एकेक करून येत होतं आणि प्रत्येकावर घरात एक एक उत्तर होतं. दीड महिन्याच्या लसीला गेले, अडीच महिन्याच्या गेले, साडेतीनच्या गेले. चौथ्या महिन्यात मान धरेना म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी तिला मांडीवर घेतलं, जीभ बघितली, टाळूवर हात फिरवला आणि आधी मलाच विचारलं, जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतलं होतं का? रक्तातला टीएसएच शंभरच्या वर आला, म्हणजे तिची थायरॉईड ग्रंथी जन्मापासूनच पुरेसं काम करत नव्हती. त्या वयात तो पाच-सहाच्या आसपास पाहिजे.

आता मी जे लिहिते ते सात वर्षांत डॉक्टरांना विचारून विचारून शिकलेय, आणि प्रत्येक आईला हे कुणीतरी तिच्या भाषेत सांगावं एवढीच माझी धडपड आहे.

थायरॉईड म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी बसलेली ग्रंथी. पण ती तिथं जन्मत नाही. पोटातल्या बाळाला महिना पण पुरता झालेला नसतो तेव्हा ती जिभेच्या मुळाशी तयार व्हायला लागते आणि तिथून हळूहळू खाली सरकत साधारण सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यात आपल्या जागेवर येते. तिसरा महिना संपता संपता ती आयोडीन ओढून घेऊन थोडा थोडा हार्मोन करायला लागते. काही बाळांत ती खाली यायचीच राहते, चोर्ला घाटात गाडी मध्येच बंद पडावी तशी वरच अडकते, काहींच्यात फार बारीक असते, काहींच्यात तयारच झालेली नसते. जन्मापासूनचा थायरॉईड असलेल्या दहा बाळांत आठ बाळांचं कारण हेच असतंय. माझ्या मुलीच्या स्कॅनमध्ये तिची ग्रंथी जिभेच्या मुळाशी दिसली, छोटीशी, आणि गळ्यात जिथं असायला पाहिजे तिथं काहीच नाही. उरलेल्यांच्यात ग्रंथी जागेवर असते पण हार्मोन करायच्या कामात कुठंतरी खोट असते. ती खोट आईबाप दोघांकडून थोडी थोडी येते, म्हणून नात्यात लग्न असेल तर तिचा धोका वाढतो, आणि आपल्या भागात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं अजून होतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग बाळ जन्मतः चांगलं का दिसतंय? कारण नऊ महिने आईचा हार्मोन वारेतून बाळाला मिळत असतो. ग्रंथी नसलेलं बाळसुद्धा त्या उसन्या हार्मोनवर तगतंय, वजन भरतंय, रडतंय, दूध ओढतंय. नाळ कापली की तो पुरवठा बंद. बाळाच्या अंगात राहिलेला आईचा हार्मोन पुढच्या दोन-तीन आठवड्यांत संपत जातो. म्हणजे घरात बारशाची तयारी चाललेली असते आणि आत बाळाची शिदोरी संपत आलेली असते, आणि बाहेरून बघून कुणालाही, डॉक्टरलासुद्धा, काही कळत नाही. अशा शंभर बाळांतल्या पंचाण्णवांच्या वर बाळांमध्ये जन्मतः ओळखू येईल असं लक्षणच नसतं किंवा नावाला असतं. म्हणून “बाळ बरं दिसतंय मग टेस्ट कशाला” हे वाक्य ज्या दिवशी आपल्या दवाखान्यांतून बंद होईल त्या दिवशी अर्धं काम झालं असं मी समजेन.

ज्याची ग्रंथी चांगली आहे त्या बाळात जन्मल्यावर काय होतं तेही मला माझ्या धाकट्याच्या वेळी समजलं. आईच्या पोटातली ऊब सोडून बाळ बाहेर गार हवेत येतं आणि नाळ कापली जाते, तशी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जोरात हुकूम सोडते, तो हुकूम म्हणजे टीएसएच. अर्ध्या तासात तो साठ-सत्तर-ऐंशीपर्यंत चढतो. त्या हुकमावर थायरॉईड कामाला लागते, पहिल्या दीड दिवसात हार्मोन इतका वाढतो की पुढं आयुष्यात निरोगी माणसाच्या रक्तात तेवढा कधी नसतो. बाळाला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवायचं असतं, पाठीवर, मानेमागं जी खास चरबी असते ती जाळून ऊब करायची असते, त्याला हा हार्मोन लागतो. मग एका दिवसात टीएसएच भराभर उतरतो आणि पुढच्या तीन-चार दिवसांत जागेवर येतो. म्हणूनच टेस्ट जन्मल्या जन्मल्या टाचेतून केली तर चांगल्या बाळाचाही आकडा मोठा दिसतो आणि घरात उगाच रडारड होते, आणि फार उशीर केला तर बाळ घरी गेलेलं असतं. दोन दिवस पुरे झाले की तिसऱ्या दिवशी, ४८ ते ७२ तासांच्या मध्ये, ही खरी वेळ.

आणि एवढं सगळं काम करणारी ती ग्रंथी जन्मावेळी एक-दोन ग्रॅमची असते साहेब. ब्लाऊजचे हुक मी मुठीत घेते तेव्हा मला ते आठवतं, त्यांचं वजन पण त्याहून जास्त भरेल. मोठ्या माणसात ती पंधरा-वीस ग्रॅमची होते. बाळाच्या ग्रंथीत साठा फार कमी असतो, आज केलेलं आज संपतं, म्हणून तिला रोज आयोडीन मिळावं लागतं आणि ते आईच्या दुधातून येतं. आणि गरज किती असते बघा. माझ्या नणंदेला थायरॉईड आहे, ती साठ किलोची बाई शंभर मायक्रोग्रॅमची गोळी घेते, म्हणजे किलोमागे दीड-पावणेदोन. जन्मापासूनचा थायरॉईड असलेल्या तान्ह्या बाळाला किलोमागे दहा ते पंधरा द्यावी लागते. सहा ते नऊ पट! एवढं कशाला तर मेंदू. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या तारांवर जे वेष्टण चढतं, एका पेशीचा दुसऱ्या पेशीशी जो जोड लागतो, त्याला हा हार्मोन हजर पाहिजे. तीन वर्षांनंतर हार्मोन कमी पडला तर माणूस सुस्त होतो, उंची थांबते, केस गळतात, पण गोळी दिली की ते भरून येतं. पहिल्या महिन्यांत मेंदूचं जे राहिलं ते मात्र नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी पूर्ण परत येत नाही. माझ्या मुलीचा गुडघ्याचा एक्स-रे काढला होता, नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाच्या गुडघ्याच्या टोकांना हाडाचे बारीक ठिपके दिसतात, तिचे चौथ्या महिन्यात पण नीट दिसत नव्हते. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून मला दाखवली. हाड तरी डोळ्यांनी दिसतंय, ते म्हणाले, मेंदू दिसत नाही.

टीएसएचचा रिपोर्ट आला त्याच दिवसापासून थायरॉईडच्या हार्मोनची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. रोज सकाळी उठल्या उठल्या, पाजायच्या आधी, स्टीलच्या छोट्या वाटीत गोळी ठेवायची, चमच्याच्या पाठीनं दाबून पीठ करायचं, अंगावरच्या दुधाचे चार-पाच थेंब पिळायचे आणि चमच्यानं गालाच्या आतल्या बाजूला सोडायचं, वाटीला चिकटलेलं परत दोन थेंबांनी धुऊन तेही पाजायचं. पूर्ण बाटलीभर दुधात घालायचं नाही, बाळानं अर्धी टाकली तर अर्धी गोळी गेली. लोहाचं औषध आणि कॅल्शियम त्याच्याबरोबर द्यायचं नाही, गोळी अंगाला लागत नाही. बाटली उन्हात, ओलीत ठेवायची नाही. एवढंच. दोन आठवड्यांत तिच्या रडण्याचा आवाज मोकळा झाला. शेजारची वैनी भिंतीपलीकडून विचारायला आली, कोण पाहुणं आलंय का, दुसरं बाळ रडतंय? मी चुलीपुढं बसून रडले. साहेब, ही गोळी दिवसाला एक-दोन रुपयाला पडते. सगळ्या रोगांत इतका स्वस्त रोग दुसरा नसेल, वेळेत कळला तर.

मुलगी पावणेदोन वर्षांची झाल्यावर चालली. बोलायला साडेतीन लागली. आता दुसरीत आहे, गाणी सगळी पाठ, उंची वर्गातल्या पोरींच्या बरोबरीची, पण वाचताना अक्षरं जुळवायला वेळ लागतो आणि बेरीज हातच्याची आली की पेन्सिल खाली ठेवते. डॉक्टरांनी मला खोटं सांगितलं नाही. ते म्हणाले पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली असती तर बहुतेक करून ती इतर पोरींसारखीच शिकली असती, आता जेवढं जमेल तेवढं आपण करू. ते चार महिने कुठं गेले ते मला माहीत आहे. त्या चौकोनातल्या टिकेत गेले.

धाकट्याच्या वेळी मी आधीच ठरवून गेले होते. बाळंतीण होऊन तिसरा दिवस उजाडला तशी नर्स अक्का आली, बाळाची टाच कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं शेकली, टाचेच्या कडेला, मधे नाही, बारीक सुई टोचली, पहिला थेंब कापसानं पुसून टाकला आणि पुढचा मोठा थेंब जाड कागदाच्या गोलात अलगद टेकवला. असे चार गोल भरले. कागद आडवा ठेवून तीन-चार तास वाळवला, ना उन्हात, ना फॅनखाली. बाळ एक मिनिट रडलं. हा कागदावरच्या रक्ताचा उपाय काही कालचा नाही, अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमाराला दुसऱ्या एका आजारासाठी तो काढला आणि कॅनडातल्या क्युबेकमध्ये जाँ द्युसो यांनी १९७४ पर्यंत तो थायरॉईडसाठी वापरायला सुरुवात केली. पन्नास वर्षं झाली. तिकडच्या बऱ्याच देशांत प्रत्येक बाळाचं होतं, कुणी विचारत पण नाही करायचं का म्हणून. आणि तिकडं तीन-चार हजार बाळांमागं एक असं बाळ सापडतं असं धरून त्यांनी सुरू केलं, आपल्या देशात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं लाखभर बाळं तपासली तेव्हा साधारण हजार-अकराशेला एक सापडलं. म्हणजे आपल्याला गरज जास्त.

आमच्या शेजारच्या गोव्यानं २००८ साली सरकारी दवाखान्यांतून नवजात बाळांची तपासणी सुरू केली होती, केरळनं पण सरकारी दवाखान्यांत सुरू केली. कणकुंबीहून गोव्याची हद्द किती लांब आहे? आपल्याकडं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात थायरॉईडचं नाव पण आहे, पण शेवटी, आणि ऐच्छिक म्हणून, राज्याला वाटलं तर. ते ऐच्छिक हा शब्द काढा एवढंच माझं मागणं आहे. जिल्ह्यात मेडिकल कॉलेजं आहेत, आयसीएमआरची एक संस्था आहे, लॅब आहेत, शिकलेली माणसं आहेत. वाळलेला कागद पाकिटात घालून लोंढ्याहून, जांबोटीहून बसनं पण बेळगावला येऊ शकतो, त्याला बर्फ लागत नाही.

बाळंतीण तिसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही असं तुम्ही म्हणाल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल बाळंतिणीला तीन दिवस जेवण फुकट आहे, ते कशाला ठेवलंय मग? तरीपण जागा नसते, घरी गुरं-ढोरं असतात, दुसऱ्या दिवशी सोडतात हे मी बघितलंय. तिथं जन्मतानाच, टीएसएच चढायच्या आधी, नाळेतलं रक्त घेता येतं, ते पण चालतंय असं बालरोगतज्ज्ञांच्या नियमांत आहे. आणि आशाताई घरी येतातच की, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांच्या फॉर्ममध्ये वजन, ताप, बेंबी सगळं आहे, त्यात एक रकाना वाढवा, टाचेचं रक्त घेतलं का, रिपोर्ट आला का. आला नसेल तर सातव्या दिवशी पीएचसीत पाठवा. आशाताईंवर अजून एक काम टाकतेय हे मला कळतंय, त्यांचं मानधन किती आणि कामं किती हे मी रोज बघते, म्हणून त्याचे पैसे त्यांना वेगळे द्या हे पण याच पत्रात लिहिते.

कमी दिवसांचं बाळ, जुळी, काचेच्या पेटीत ठेवलेलं बाळ, रक्त चढवलेलं बाळ, यांची एक टेस्ट पुरत नाही. त्यांचा टीएसएच कधी कधी उशिरा चढतो, म्हणून दोन ते चार आठवड्यांत परत बघायला पाहिजे. आणि बेंबीला, जखमेला ते तांबडं आयोडीनचं औषध चोपडायची सवय आहे ती नवजात बाळात बंद करा, त्या एक-दोन ग्रॅमच्या ग्रंथीला एकदम एवढं आयोडीन झेपत नाही, उलट तीच काही दिवस बंद पडते.

आता सीमेची गोष्ट. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं राहू दे, मी त्याच्यावर लिहायला बसलेली नाही. पण आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सून काकतीची आणि माहेर गडहिंग्लजचं, नाहीतर उचगावची आणि माहेर चंदगडचं. बाळ जन्मतं महाराष्ट्रात, दीड महिन्यानं येतं कर्नाटकात. तिकडचं कार्ड वेगळं, इकडचं तायी कार्ड, म्हणजे आईचं कार्ड, वेगळं. रक्त तिकडं घेतलं, रिपोर्ट तिकडं आला, आणि बाळंतीण इकडं आलेली, फोन नंबर नवऱ्याचा, तो गोव्याला कामाला. असा रिपोर्ट कुणाच्या हातात पडणार? कोल्हापूर आणि बेळगाव या दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकमेकांचे नंबर घेऊन एवढं ठरवावं की अशा बाळाचा आकडा वीसच्या वर आला तर त्याच दिवशी पलीकडं फोन जाईल, आणि चाळीसच्या वर आला तर बाळ ज्या गावात असेल तिथून त्याला आणलं जाईल, दुसरी टेस्ट करून रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू होईल. पोलिओचं बूथ हद्दीवर लावता ना, तसंच हे.

आणि भाषा. ज्या आईला मराठी वाचता येतं तिला मराठीत, जिला कन्नड तिला कन्नडमध्ये, उर्दूवालीला उर्दूत. एक पान, मोठं अक्षर. त्यात लिहा की ही टेस्ट कशाची, बाळ चांगलं दिसत असलं तरी का, आणि रिपोर्ट किती दिवसांत नाही आला तर कुठं फोन करायचा. मला कन्नड बोलता येतं, बाजारात, बसमध्ये, बँकेत मी कन्नडच बोलते, पण बाळंत होऊन दोन दिवस झालेल्या बाईला अंगात ताकद किती असते, तिला आपल्या भाषेतलंच नीट समजतंय. निदान तोंडानं तरी सांगा. सही नंतर घ्या.

मिठाचं पण थोडं सांगते कारण त्यात घोटाळा होतो. आयोडीनचं मीठ खाल्लं तरी ज्याची ग्रंथीच नाही त्याला ती येणार नाही, टेस्टला ते पर्याय नाही. पण ज्या बाळाची ग्रंथी चांगली आहे तिला माल पुरवायचा तो त्या मिठातूनच. पाजणाऱ्या बाईला दिवसाला अडीचशे मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवी मोठ्या माणसाला दीडशे पुरतं. जोराच्या पावसाच्या डोंगराळ भागात मातीतलं आयोडीन धुऊन जातं, म्हणून तर देशात १९६२ पासून गलगंडाचा कार्यक्रम चालू आहे. दुकानात मिठात किलोमागं पंधरा मिलिग्रॅम तरी आयोडीन पाहिजे असा नियम आहे. तरी बाजारात जाडं मीठ पोत्यानं मिळतं, लोणच्याला आणि गुरांना म्हणून आणतात आणि तेच आमटीत पडतं. हल्ली सैंधव चांगलं म्हणून बाळंतिणीला तेच देतात, त्यात बहुतेक करून आयोडीन घातलेलं नसतं. बाळंतीण आळणी खाते ती वेगळीच. आशाताईंनी डबा उघडून बघावा, चुलीजवळ झाकण न लावता ठेवलेल्या मिठातलं आयोडीन उडून जातं.

ग्रंथी पुढं पोराबरोबर वाढत जाते. माझ्या मुलीची गोळी पण वाढत गेली, पण वजनाच्या मानानं कमी होत गेली, तान्ह्या बाळाला किलोमागं दहा-पंधरा, वर्ष ते पाच वर्षांत पाच-सहा, आता तिच्या वयात चार-पाच, बारा वर्षांनंतर दोन-तीन. म्हणजे एकदा लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षं तीच चालत नाही, वजन घ्यायला पाहिजे, रक्त बघायला पाहिजे, पहिल्या सहा महिन्यांत तर दर महिन्या-दोन महिन्यांनी. काही बाळांना तीन वर्षांनंतर महिनाभर गोळी थांबवून बघतात, ग्रंथी जागेवर असेल तर कधी कधी ती तोवर सावरलेली असते आणि गोळी सुटते. माझ्या मुलीची सुटणार नाही, तिची जागेवरच नाही. वयात येताना परत सांभाळायला लागेल, आणि पुढं तिचं लग्न होऊन दिवस गेले की गोळी वाढवावी लागेल, तीस ते पन्नास टक्के, पहिल्या महिन्यापासून, कारण तेव्हा तिच्या पोटातलं बाळ तिच्याच हार्मोनवर असेल. हे मी तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. त्यासाठी ही गोळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, बारा महिने, पंचवीसची आणि पन्नासची दोन्ही, ठेवा. स्टॉक संपला, पुढच्या आठवड्यात या, असं या गोळीच्या बाबतीत म्हणू नका.

आमच्याकडं पाचवीच्या रात्री पाट्यावर सटवाई मांडतात, कोरा कागद आणि पेन ठेवतात, ती येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. मुलीच्या पाचवीला मी पण ठेवला होता, हात जोडले होते. माझी श्रद्धा आहे, अजून आहे. पण त्याच्या दोन दिवस आधी एक कागद दवाखान्यात असतो, चार गोल छापलेला, आणि त्याच्यावर काय पडायचं ते तुमच्या हातात असतं.

ज्या गुरुवारी आमच्या उपकेंद्रात लसीकरण असतं त्या दिवशी मी मशीन बंद ठेवून यायला तयार आहे, बायकांना मी सांगेन, वाटीत गोळी कशी दाबायची ते पण दाखवेन. तो टिक मारलेला कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. बोलवा, घेऊन येते.

आपली,
एक आई
बेळगाव तालुका